रिकाम्या टाकीचे भय

सटाण्याहून साल्हेरकडच्या चढ-वळणांवर जुन्या जीपच्या टाकीतले पेट्रोल एका अंगाला उसळते आणि पंप हवा ओढतो. म्हणून टाकी कापून आत भोके पाडलेले आडवे पत्रे जोडतात. धोका इथेच असतो. रिकाम्या टाकीच्या सांध्यांत, गंजात उरलेल्या पेट्रोलची वाफ होते. हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के असली, की एक ठिणगी पुरते. वास येत नाही, हा काही पुरावा नव्हे. आधी टाकी धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने वारंवार धुवावी. मग कामाच्या रेषेच्या जरा खालपर्यंत पाणी भरून, तोंड उघडे ठेवूनच हत्यार लावावे. गळतीही पेट्रोल ओतण्याआधीच, साबणाच्या फेसाने तपासावी. एकदा पेट्रोल शिरले, की सुईएवढ्या भोकासाठीही सारी धुलाई पुन्हा करावी लागते.