पेशींतील वांटणीचा हिशेब

पेशीच्या दोन पेशी होतांना गुणसूत्रांची वांटणी समसमान व्हावी म्हणून दोन बाजूंस दोन ध्रुव लागतात. ते ध्रुव म्हणजे सेंट्रोसोम. विभाजनापूर्वी एकाचे दोन झालेच पाहिजेत. तीन मात्र होतां कामा नयेत. हा हिशेब पेशी राखते कसा?

सेंट्रोसोमांत सेंट्रिओल नांवाच्या सूक्ष्म नळ्यांची जोडी असते. डीएनएची नक्कल होऊं लागली कीं प्रत्येक जुन्या नळीच्या कुशीस काटकोनांत एकच नवी नळी अंकुरते. ती बिलगून आहे तोंवर दुसरा अंकुर फुटत नाहीं. ही मिठी विभाजनाच्या अखेरीस सेपरेज व पीएलके-१ हीं प्रथिनें सोडवितात. आम्हांस अधिक नवल वाटतें तें पीएलके-४ चें. अंकुर फुटतो तो त्याच्या आज्ञेनें, हें २००५ सालीं कळलें. पण तें फाजील सांचलें कीं आपल्याच नाशाची खूण आपणांवर करून घेतें!

हिशेब चुकला तर? भाऊबंदकीच्या वांटण्या पाहिलेल्यांस निराळें सांगावयास नको. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनीं सी-अर्चिन या समुद्रजीवाच्या अंड्यांत दोन शुक्रजंतू शिरतांच जादा ध्रुव होऊन गुणसूत्रें वेडीवांकडी विभागलेलीं पाहिलीं, आणि कर्करोगाचें मूळ अशाच वांटणींत असावें असें १९१४ सालीं मांडलें. अनेक अर्बुदांत जादा सेंट्रोसोम आढळले आहेत. पीएलके-४ ला रोखणारें औषध कर्करुग्णांवर पारखण्यापर्यंत मजल गेली आहे.