उतारावरील ट्रॅक्टर आणि चालकाची सुरक्षितता

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेस शिरोळकडील सपाट रानात ट्रॅक्टर निर्धोकपणे फिरतो. पश्चिमेस शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी या तालुक्यांत मात्र बरीचशी शेते डोंगराच्या कुशीत आहेत, आणि तेथील तांबडी माती पावसात निसरडी होते. बैलगाडीच्या काळी उतार लागला की बैल अंग मागे टाकून ओझे तोलून धरीत. जनावराला भय कळते. यंत्राला ते कळत नाही, म्हणून ते चालकाने बाळगावयाचे असते.

उतारावर ट्रॅक्टर दोन प्रकारे उलटतो. आडवा चालविताना खालचे चाक खड्ड्यात गेले किंवा वरचे दगडावर चढले, की तो कुशीवर कलंडतो. दुसरा प्रकार अधिक घातक होय. चढावर ओझे ओढताना पुढची चाके उचलली जातात व ट्रॅक्टर मागे, चालकाच्या अंगावर येतो. चाके उचलल्यापासून सावरण्याची वेळ निघून जाण्यास सुमारे पाऊण सेकंद पुरतो. ओझ्याची साखळी मागील आसाच्या वर बांधणे व चढावर क्लच एकदम सोडणे, ही याची नेहमीची कारणे. ओझे ड्रॉबारलाच जोडावे.

येथे एक पेच उभा राहतो. माती वाहून जाऊ नये म्हणून नांगरट उताराला आडवी हवी. ट्रॅक्टर कलंडू नये म्हणून तो उभा चालविणे बरे. याचा निर्णय उतार मोजून करावा. दोन मीटरांची काठी समतल धरून तिचे वरचे टोक जमिनीस टेकवावे. खालचे टोक जमिनीपासून अर्ध्या मीटरहून उंच राहिले, तर उतार १४ अंशांहून अधिक समजावा. बसून चालविण्याच्या गवतकापणी यंत्रांना उत्पादक सामान्यतः १५ अंशांची मर्यादा घालतात; ट्रॅक्टरनेही तीच पाळलेली बरी. त्यापुढील जमिनीत उभी नांगरट करून माती गमावण्यापेक्षा बैलांचे औत चालवावे, अथवा मजगी करून जमीन सपाट करावी. सौम्य उतारावर आडवी नांगरट करताना मागील चाकांतील अंतर वाढवावे, वेग कमी ठेवावा आणि बांधाच्या कडेपासून बांधाच्या उंचीइतके तरी दूर राहावे.

गळीत हंगामात धोका रस्त्यावर येतो. उसाने भरलेल्या ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर त्या ट्रॅक्टरला मागून रेटतात. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे आत्मघातच. ज्या गिअरमध्ये चढ चढावा लागेल, तोच उतरण्यापूर्वी, माथ्यावरच टाकावा. शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले दोन ब्रेक पेडल रस्त्यावर येताच कडीने जोडावेत. एकाच चाकाचा ब्रेक लागला तर भरलेली गाडी आडवी होते. मडगार्डवर माणूस बसविण्याची आपल्याकडील सवय तर मुळीच परवडणारी नाही.

स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली, आणि तेथील उलटण्याने होणारे मृत्यू पुढे फार घटले. चौकट असेल तर आसनाचा पट्टा अवश्य बांधावा, म्हणजे चालक चौकटीच्या आतच राहतो. चौकट नसेल, किंवा झाडाखालून जाण्यासाठी ती दुमडली असेल, तर मात्र पट्टा बांधू नये. आणि झाडे ओलांडताच ती पुन्हा उभी करून खीळ घालावी.