ठासणीची रायफल : गोळी का अडते आणि धक्का का बसतो?

जिच्या नळीच्या तोंडातून आधी दारू व मग गोळी आत घालून ती गजाने ठासावी लागते, त्या बंदुकीस आपल्याकडे ठासणीची बंदूक म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगातील बहुतेक सैन्यांच्या हाती हीच बंदूक होती. ती वापरणाऱ्यांच्या दोन तक्रारी फार जुन्या आहेत. पहिली, गोळी आत जाताना अडते. दुसरी, बार उडताच खांद्यास जबर धक्का बसतो. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. कसे, ते या लेखात पाहावयाचे आहे.

गुळगुळीत नळी आणि पन्हळीची नळी

जुन्या मस्केट बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. इंग्रज पायदळाच्या मस्केटची नळी पाऊण इंच व्यासाची, तर गोळी सुमारे ०.६९ इंच व्यासाची होती. एवढी सैल गोळी सहज आत सरके. पण सुटताना नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि नेम चुके.

रायफलच्या नळीत मळसूत्राप्रमाणे वळत जाणाऱ्या पन्हळी कोरलेल्या असतात. त्यांत रुतलेली गोळी बाहेर पडताना स्वतःभोवती फिरते आणि फिरणाऱ्या भोवऱ्याप्रमाणे आपली दिशा टिकवून धरते. परंतु पन्हळीत रुतावयाची तर गोळी घट्ट हवी, आणि तोंडातून भरावयाची तर ती सैल हवी. ठासणीच्या रायफलची सारी अडचण या विरोधात आहे. इंग्रज सैन्यात १८०० पासून वापरात आलेल्या बेकर रायफलमध्ये गोळीभोवती वंगण लावलेली चकती गुंडाळीत. तरीही गोळी नळीत शिरेना, म्हणून प्रारंभी शिपायांना लहान लाकडी हातोड्या दिल्या होत्या.

काजळीचा थर

नवी, स्वच्छ रायफल पहिली गोळी सुखाने घेते. पाचसहा बार झाल्यावर मात्र तीच गोळी अर्ध्या वाटेत थांबते. याचे कारण दारूच्या रसायनात आहे. बंदुकीच्या काळ्या दारूत साधारणतः शंभर भागांत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते. ती जळाली म्हणजे तिचा सर्वच भाग वायुरूप होत नाही. वजनाने निम्म्याहून अधिक भाग पोटॅशियमच्या क्षारांच्या रूपाने घन राहतो. त्यातील काही धुरातून उडून जातो आणि उरलेला नळीला चिकटतो. कोरड्या हवेत हा थर कठीण पापुद्र्यासारखा बनतो, तर दमट हवेत क्षार पाणी शोषून घेतात व थर मऊ राहतो. म्हणून एकच बंदूक पावसाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसरी वागणूक दाखविते.

हे क्षार पाण्यात विरघळतात. त्यामुळे नळी प्रथम पाण्याने धुणे, मग पूर्ण कोरडी करणे आणि शेवटी तेलाचा हात फिरविणे, हा क्रम योग्य ठरतो. नुसते तेल लावल्यास क्षार तेलाखाली राहतात, ओल धरतात आणि नळी गंजते. आणि गंजलेली नळी स्वच्छ असतानाही गोळी अडविते.

धक्क्याचा हिशेब

आता दुसरी तक्रार पाहू. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे प्रत्येक क्रियेस तितकीच, उलट दिशेची प्रतिक्रिया असते. गोळीला पुढे जितका संवेग मिळतो, तितकाच बंदुकीला मागे मिळतो. समजा, ३४ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदास ३५० मीटर वेगाने सुटली आणि बंदुकीचे वजन ४.३ किलोग्रॅम आहे. तर केवळ गोळीमुळे बंदूक सेकंदास सुमारे २.८ मीटर वेगाने मागे येईल. दारूचे वायू व घन कण हेही वेगाने बाहेर पडतात. त्यांचा वाटा यात मिळवावा लागतो.

यावरून धक्का कशाने वाढतो हे उघड होते : दारू अधिक, गोळी जड किंवा बंदूक हलकी. बाकी सारे तेच ठेवून बंदुकीचे वजन निम्मे केले, तर खांद्याने झेलावयाची ऊर्जा दुप्पट होते. संवेग चतुर्थांशाने वाढला, तर ऊर्जा दीडपटीहूनही वाढते. दस्ता खांद्याशी घट्ट टेकलेला नसला, तर तोच धक्का फटक्यासारखा लागतो.

मग गोळी घट्ट असल्याने धक्का वाढतो काय? घर्षण गोळीला मागे ओढते, तर नळीला तितक्याच जोराने पुढे ओढते. म्हणजे घर्षणाने स्वतःहून धक्क्यात भर पडत नाही. घट्ट गोळीने वायू अडून तिचा वेग वाढला, तर तेवढ्यापुरता धक्का वाढेल. घट्टपणाचा खरा धोका निराळा आहे : अर्ध्या वाटेत अडकलेली गोळी. दारू आणि गोळी यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली, तर बार उडताना नळी त्या ठिकाणी फुगते किंवा फुटते.

धक्का एकाएकी वाढण्याचे आणखी एक कारण म्हणजे एकावर एक भरलेले बार. अमेरिकेतील यादवी युद्धात, जुलै १८६३ मधील गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणभूमीवरून सुमारे २७,५०० बंदुका गोळा करण्यात आल्या. तत्कालीन नोंदीनुसार त्यांतील सुमारे २४,००० भरलेल्या होत्या आणि त्यांपैकी निम्म्यांत दोन दोन बार होते. रणगर्जनेत आपला बार उडालाच नाही हे कित्येक शिपायांच्या लक्षातही आले नव्हते.

दोष कसा शोधावा

येथे शास्त्राची साधी रीत उपयोगी पडते : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. स्वच्छ नळीतही पहिलीच गोळी अडत असेल, तर गोळीचा व्यास किंवा चकतीची जाडी अधिक आहे. पहिली सहज जाते व पुढच्या अडतात, तर दोष काजळीचा किंवा अपुऱ्या वंगणाचा आहे. गोळी नेहमी एकाच जागी अडते, तर तेथे गंज किंवा पोचा आहे. गोळी तळापर्यंत पोहोचली असता गज नळीबाहेर किती राहतो, त्या ठिकाणी गजावर खूण करावी. खूण वर दिसली, तर गोळी अडकली आहे. नेहमीपेक्षा फार वर दिसली, तर आत आधीचाच बार असण्याचा संभव आहे. अशा बंदुकीचा बार काढणे हे जाणत्या कारागिराचे काम होय. अडकलेली गोळी बार उडवून काढू नये, आणि नळीच्या तोंडासमोर कधीही येऊ नये. ठासणीच्या बंदुकीत आधुनिक बिनधुराची दारू घालणे तर प्राणघातक आहे. तिचा दाब ही नळी सोसू शकत नाही. आपल्या देशात अशी बंदूक बाळगण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो.

एन्फील्डचे काडतूस

घट्ट आणि सैल यांतील विरोध फ्रेंच सैन्याधिकारी क्लोद-एत्येन मिन्ये याने १८४९ च्या सुमारास सोडविला. त्याची लांबट गोळी नळीहून किंचित लहान असून तिचा तळ पोकळ होता. ती सैलपणे आत जाई आणि दारू पेटताच वायूच्या दाबाने तळ फुगून पन्हळीत रुते. याच तत्त्वावर इंग्रजांची १८५३ ची एन्फील्ड रायफल बनली. तिची नळी ०.५७७ इंच आणि गोळी ०.५६८ इंच व्यासाची होती. फरक अवघा ०.००९ इंच, म्हणजे पाव मिलिमीटरहूनही कमी. आणि त्यातच गोळीभोवतीचा कागद बसावयाचा. साहजिकच त्या कागदाला वंगण अपरिहार्य झाले.

हे वंगण म्हणजे प्राण्यांची चरबी व मेण यांचे मिश्रण होते. शिपायाने काडतुसाचे टोक दातांनी तोडावे, दारू नळीत ओतावी आणि मग गोळी ठासावी, अशी कवायत होती. चरबी कोणत्या प्राण्याची, याची खबरदारी घेतली गेली नव्हती. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदम येथे गाईच्या व डुकराच्या चरबीची वार्ता पसरली. पुढे शिपायांनी स्वतःचे वंगण लावावे आणि काडतूस हाताने तोडावे अशी मुभा देण्यात आली. परंतु तोवर विश्वास उडाला होता. २४ एप्रिल रोजी मेरठ येथे घोडदळाच्या ९० पैकी ८५ शिपायांनी काडतुसे नाकारली आणि १० मे रोजी तेथे उठाव झाला. उठावाची कारणे राज्य, जमीन, वेतन आणि धर्म अशी अनेक होती. काडतूस ही ठिणगी होती.

वंगण हवे होते हे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने खरे होते. पण ते कशाचे असावे, हा प्रश्न ज्यांना ते हाताळावयाचे त्यांना कोणी विचारला नाही. भारताच्या उष्ण हवेत चरबी वितळून कागदात मुरे आणि गोळी अडे, हेही अनुभवास आले. १८५९ साली गोळीचा व्यास ०.५५ इंचापर्यंत कमी करण्यात आला व वंगणात मेणाचे प्रमाण वाढविण्यात आले. हा फरक सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा होता. १८६६ पासून याच रायफली मागून भरावयाच्या स्नायडर बंदुकीत बदलण्यात येऊ लागल्या, आणि सैन्यातून ठासणीचा गज हळूहळू नाहीसा झाला.