जुम्मा दरवाजा आणि वीस बाजूंचा फासा

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 साली अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, दोघेही टेबलावरच्या युद्धखेळांचे शौकीन. यात सोंगट्या असल्या तर असतात, नसल्या तरी अडत नाही. एक सूत्रधार प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र होऊन काय करणार ते बोलतात, आणि बेत फसला की साधला हे बहुधा वीस बाजूंचा फासा ठरवतो.

वेढ्यात सापडलेलं शहर हा अशा खेळाचा आवडता प्रसंग. नागपूरकरांना तो आयता मिळाला आहे. डिसेंबर 1817. सीताबर्डीची लढाई हरून नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या स्वाधीन झालेले, पण पदरीचे अरब शिपाई शहर सोडायला तयार नाहीत. इंग्रजांचा जनरल डव्हटन वेढा घालतो. 24 तारखेला जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, चढवलेला हल्ला अरब परतवून लावतात. पुढे मात्र वाटाघाटी होतात आणि बायकामुलं, सामानसुमान घेऊन ते बाहेर पडतात.

सूत्रधाराने यात शहरातल्या शुक्रवारी तलावातला जलराक्षस खुशाल घालावा. पण खरी गंमत धान्याचा हिशेब ठेवण्यात आहे: दर फेरीला साठा घटवायचा, अफवा वाढवायच्या. मग तलवारबाज पात्रापेक्षा तहाची बोलणी करणाऱ्याला भाव येतो. फासा त्याच्यासाठीही टाकावाच लागतो.