घरासाठी लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप? पैसे भरण्याआधी हे वाचा

आज मोबाईलवर बरंच काही होतं. पण प्रोजेक्ट रिपोर्ट टाईप करायचा असेल, कोडिंग शिकायचं असेल किंवा टॅली-एक्सेलचा सराव करायचा असेल, तर मोबाईल कमी पडतो. मग घरात विषय निघतो, "कॉम्प्युटर घ्यायचा, पण कोणता?" चाळीस-पन्नास हजार रुपये ही कुठल्याही घरासाठी मोठी रक्कम आहे आणि एकदा घेतलेली मशीन निदान चार-पाच वर्षं वापरावी लागते. म्हणून जाहिरात बघून नाही, तर आपली गरज बघून ठरवूया.

पहिला प्रश्न: मशीन घराबाहेर जाणार आहे का?

पुढच्या एक-दोन वर्षांत तुम्ही हॉस्टेलला किंवा रूमवर राहायला जाणार असाल, कॉलेजमध्ये प्रॅक्टिकलला स्वतःची मशीन लागणार असेल, तर लॅपटॉपच घ्या. इथे फार विचार करायची गरज नाही.

पण मशीन कायम घरातच राहणार असेल, तुम्ही, धाकटी बहीण आणि बाबा असे तिघंही ती वापरणार असाल, तर डेस्कटॉपचा विचार नक्की करा. त्यासाठी एक टेबल आणि पक्की जागा मात्र हवी. वन रूम किचनमध्ये ती जागा नसेल, तर लॅपटॉप काम झाल्यावर कपाटात ठेवता येतो.

नाव सारखं, ताकद वेगळी

"दोन्हीत आय५ आहे, म्हणजे सारखंच की!" असं अनेकांना वाटतं. उदाहरण बघा. इंटेलचा आय५-१२४०० हा डेस्कटॉपचा प्रोसेसर आहे. त्यात ६ कोअर आहेत आणि त्याची मूळ पॉवर ६५ वॅट आहे. आय५-१२३५यू हा लॅपटॉपचा. त्यात १० कोअर आहेत, पण मूळ पॉवर फक्त १५ वॅट. लॅपटॉपच्या पातळ बॉडीत उष्णता बाहेर टाकायला जागा कमी असते, म्हणून प्रोसेसरला हात आखडता घ्यावा लागतो. व्हिडिओ एडिटिंगसारखं काम बराच वेळ चाललं की हा फरक जाणवतो. टायपिंग, ब्राउझिंग आणि ऑनलाईन क्लाससाठी मात्र दोन्ही पुरेसे आहेत.

डेस्कटॉपची खरी किंमत काढा

दुकानदार बहुतेक वेळा फक्त सीपीयूची किंमत सांगतो. त्यात या गोष्टी मिळवा:

- मॉनिटर
- कीबोर्ड आणि माऊस
- वेबकॅम, माईक आणि स्पीकर
- वाय-फाय (अनेक मदरबोर्डमध्ये ते नसतं, वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो)
- यूपीएस

लॅपटॉपमध्ये हे सगळं आधीच असतं आणि बॅटरी हाच त्याचा यूपीएस! म्हणून तुलना करताना दोन्हीकडची पूर्ण बेरीज समोर ठेवा.

तुमच्याकडे लाईट जाते का?

हा मुद्दा दुकानात कोणी काढत नाही, पण लोडशेडिंग असलेल्या गावात तोच सर्वात महत्त्वाचा ठरू शकतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण दहा-पंधरा मिनिटं साथ देतो. म्हणजे काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता. ऑनलाईन परीक्षा चालू असताना दोन तास लाईट गेली, तर तो पुरणार नाही. लॅपटॉप मात्र चार्ज असेल तर काही तास चालतो आणि इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून घेता येतं.

वीजबिलातही फरक पडतो. मॉनिटरसह डेस्कटॉप साध्या कामाला १०० वॅट घेतो असं धरलं, तर रोज पाच तासांचे महिन्याला १५ युनिट होतात. लॅपटॉप ३० वॅट घेतो असं धरलं, तर साडेचार युनिट.

बिघडलं तर?

इथे डेस्कटॉप बाजी मारतो. कीबोर्ड खराब झाला? काही शे रुपयांत नवा. रॅम कमी पडली? स्लॉटमध्ये आणखी एक लावा. लॅपटॉपचा स्क्रीन फुटला की खर्च हजारोंत जातो. बॅटरीही काही वर्षांनी बदलावी लागते. शिवाय अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती नंतर बदलता येत नाही. म्हणून घेतानाच विचारा, "रॅमला रिकामा स्लॉट आहे का?" नसेल, तर ८ जीबीवर न थांबता शक्यतो १६ जीबीचा घ्या. आणि काहीही घेतलं तरी हार्ड डिस्क नको, एसएसडीच हवी.

जुना डेस्कटॉप स्वस्तात मिळतोय?

ऑफिसमधून निघालेले डेस्कटॉप कमी पैशांत मिळतात आणि शिकायला छान असतात. पण प्रोसेसरचा नंबर नक्की बघा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे आय५-८५०० चालेल, पण आय५-६५०० अधिकृतपणे चालत नाही. दिसायला दोन्ही डबे सारखेच असतात, त्यामुळे "आय५ आहे" एवढ्यावर पैसे देऊ नका.

मग काय घ्यावं?

- बाहेर न्यायचाय, लाईट सारखी जाते किंवा घरात जागा कमी आहे: लॅपटॉप.
- एका जागी राहणार, घरातले सगळे वापरणार, एडिटिंग किंवा गेमिंग करायचंय: डेस्कटॉप.
- दोन्ही हवंय: आत्ता लॅपटॉप घ्या, पुढे पैसे जमले की एक मॉनिटर आणि कीबोर्ड जोडा. तोपर्यंत घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबल लावूनही काम भागतं. मोठी स्क्रीन मिळते आणि मान खाली घालून बसावं लागत नाही.

दुकानात जाण्याआधी कागदावर तीनच गोष्टी लिहा: कोण वापरणार, कुठे वापरणार आणि सगळं धरून बजेट किती. कागद हातात असला की दुकानदाराने दुसरंच काही गळ्यात मारायचा प्रयत्न केला तरी तुमचं ठरलेलं असेल.