खिडक्यांची फरशी आणि चार ओळींची चिठ्ठी

संगणकाला आज्ञा देणे हे विज्ञान शाखेचे काम आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने फार तर टॅली शिकावे, असा एक समज आपल्या महाविद्यालयात आहे. मीही तो बाळगून होतो. सातवीपासून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्यासारख्याला पडद्यावरच्या इंग्रजी ओळी पाहिल्या की धडकीच भरत असे. गेल्या वर्षी या अंकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांचे टंकलेखन माझ्याकडे आले आणि माझा तो समज गळून पडला. कसा, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. त्यात माझी एक चूकही सांगायची आहे. ती लपवली तर लेखाला अर्थ उरणार नाही.

माझा लॅपटॉप जुना, चुलतभावाने वापरून दिलेला. एका खिडकीत मराठी लेख, दुसरीत कन्नड कविता, तिसरीत हस्तलिखिताचा फोटो अशा खिडक्या एकीवर एक चढत. हवी ती वर काढण्यासाठी माउस फिरवत बसण्यातच संध्याकाळ जाई. तेव्हा एका मित्राने मला लिनक्सवरील ‘आय-थ्री’ दाखवले. मायकेल स्टापेलबर्ग या जर्मन तरुणाने २००९ साली त्याची सुरुवात केली. असल्या प्रणालीला ‘टायलिंग विंडो मॅनेजर’ म्हणतात. टाइल म्हणजे फरशी. आपल्या घरी शहाबादी फरशी बसवताना गवंडी एक फरशी दुसरीवर ठेवत नाही. शेजारी शेजारी बसवतो आणि जमीन पूर्ण झाकतो. इथेही तसेच. पहिली खिडकी उघडली की ती सगळा पडदा व्यापते. दुसरी उघडली की अर्धा पडदा हिचा, अर्धा तिचा. एक बंद केली की दुसरी आपोआप पसरते. खिडकी खिडकीखाली दडत नाही, आणि सगळी कामे कळफलकावरूनच होतात.

ही कल्पना काही नवी नाही. १९८५ साली निघालेल्या पहिल्या ‘विंडोज’मध्ये खिडक्या अशाच शेजारी शेजारी बसत, एकीवर एक ठेवण्याची सोय १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. जगाला नंतर तीच सवय लागली, आणि काही थोड्या लोकांनी फरशीची रीत टिकवून धरली.

आय-थ्रीची गंमत अशी की, त्याच्या सगळ्या सेटिंग एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. ‘अमुक कळ दाबली की तमुक काम कर’ असे त्या फाइलीत एकेका ओळीत लिहायचे. हे ‘तमुक काम’ म्हणजे आपण स्वतः लिहिलेली आज्ञांची एखादी चिठ्ठीही असू शकते. त्या चिठ्ठीलाच ‘शेल स्क्रिप्ट’ म्हणतात.

शेल म्हणजे आपण आणि यंत्र यांच्यामधला दुभाषी. युनिक्सचा पहिला शेल केन थॉम्प्सन यांनी १९७१ साली लिहिला. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली आला आणि आज आपण जी भाषा वापरतो तिचा पाया त्याने घातला. आई दुकानात पाठवताना सामानाची चिठ्ठी देते, तशी ही स्क्रिप्ट. वरून खाली एकेक ओळ वाचायची आणि तसे करायचे. पहिल्या ओळीत # आणि ! ही दोन चिन्हे लिहून पुढे कोणत्या शेलने चिठ्ठी वाचायची ते सांगायचे, खाली आज्ञा लिहायच्या आणि शेवटी त्या फाइलीला ‘चालवता येण्याची’ परवानगी द्यायची. इतकेच. याला इंजिनिअर व्हावे लागत नाही.

माझी पहिली स्क्रिप्ट लिपी बदलण्याची होती. ‘सेटएक्सकेबीमॅप’ नावाची आज्ञा कळफलकाची मांडणी बदलते, आणि सध्या कोणती मांडणी चालू आहे हे विचारले तर तेही सांगते. म्हणून चिठ्ठीत लिहिले : आधी विचार, इंग्रजी असेल तर देवनागरी कर, देवनागरी असेल तर कन्नड कर, कन्नड असेल तर पुन्हा इंग्रजी कर. ही चिठ्ठी मी एफ-नऊ या कळीला बांधली. एक कळ, तीन लिप्या!

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती कळल्यावर मला फार आनंद झाला होता. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकात ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक आहे. त्यात मराठीचा ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नडचा ‘क’. ‘प’, ‘त’, ‘र’ यांचेही तसेच. म्हणजे एका भाषेचे टंकलेखन शिकलेली बोटे दुसऱ्या भाषेत जवळजवळ शिकलेलीच असतात. अक्षराचे रूप बदलते, बोटाची जागा बदलत नाही. सीमेवरच्या आपल्या गावात याहून सोयीची गोष्ट कोणती?

मात्र लगेच एक अडचण आली. देवनागरी चालू झाली की खिडक्या हलवण्याच्या कळा बंद पडत. कारण उघड होते. सेटिंगमध्ये मी इंग्रजी ‘जे’ हे अक्षर लिहिले होते आणि आता त्या कळीतून ‘र’ निघत होता. यावर उपाय म्हणजे अक्षराऐवजी कळीचा क्रमांक लिहिणे. ‘जे’च्या कळीचा क्रमांक माझ्या यंत्रावर ४४ आहे. वर कोणतेही अक्षर असो, कळ क्रमांक ४४ ती ४४ च राहते. खातेवहीत ग्राहकाच्या नावाऐवजी खाते क्रमांक का लिहितात, ते मला त्या दिवशी खरे समजले.

दुसरी चिठ्ठी चार ओळींची. दोन क्रमांकाच्या कार्यपटलावर जा. डावीकडे मराठी मजकूर उघड. एक सेकंद थांब. उजवीकडे कन्नड मजकूर उघड. तो एक सेकंद महत्त्वाचा आहे. तो नसला तर जी खिडकी आधी तयार होते ती आधी जागा पकडते आणि डावे-उजवे उलटे होते. तिसरी चिठ्ठी पडद्याच्या कडेच्या पट्टीसाठी. दर पाच सेकंदांनी चालू लिपी, बॅटरीचे टक्के आणि वेळ छापत राहायची. लिनक्समध्ये बॅटरीचे टक्केही एका छोट्या फाइलीतून वाचता येतात. वीज गेली की आता मला अंदाज बांधावा लागत नाही.

या तीन चिठ्ठ्या जमल्या आणि मी जरा हवेत गेलो. चौथी चिठ्ठी मी ‘साफसफाई’ची लिहिली. लेखांच्या फाइलींना मी माझ्या सोयीने मराठीत नावे देत असे. एका कन्नड कवितेच्या सुधारलेल्या प्रतीचे नाव ‘कविता’ आणि आधीच्या प्रतीचे ‘कविता जुनी’. चिठ्ठीत लिहिले : ज्या फाइलींच्या नावाच्या शेवटी ‘जुनी’ आहे, त्या एकेक घे आणि पुसून टाक. चालवून न पाहताच ती कळीला बांधली आणि रात्री कळ दाबली. काहीच दिसले नाही. मी निश्चिंत झोपलो.

सकाळी पाहतो तो ‘कविता जुनी’ जागेवर आणि ‘कविता’ गायब!

झाले ते असे. शेलच्या लेखी मोकळी जागा म्हणजे दोन शब्दांमधली वाटणी. फाइलीचे नाव मी अवतरणचिन्हांत घातले नव्हते. म्हणून ‘कविता जुनी पूस’ याचा अर्थ त्याने घेतला : ‘कविता’ पूस आणि ‘जुनी’ पूस. चिठ्ठीत ‘गोडे तेल’ लिहिलेले पाहून एखाद्या भोळ्या पोराने दुकानात ‘गोडे’ वेगळे आणि ‘तेल’ वेगळे मागावे, तसे. ‘कविता’ नावाची फाइल होती, ती त्याने पुसली. ‘जुनी’ नावाची फाइल सापडली नाही, तशी तक्रारही त्याने केली. पण चिठ्ठी कळीवरून चालवली होती, टर्मिनलमधून नव्हे. ती तक्रार ऐकायला तिथे कोणी नव्हतेच.

कविता पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीची होती. आदल्या दिवशी तास बुडवून, माझ्याशेजारी बसून तिने शेवटची दोन कडवी बदलली होती, आणि तो बदल थेट पडद्यावर केला होता, वहीत नव्हता. मला नुसते वाईटच नव्हे, भीतीही वाटली. मराठी विभागाच्या मुलाने कन्नड कविता पुसली, एवढेच वाक्य आपल्या गावात कुठवर जाऊ शकते हे मी सांगायला नको. मी तिच्याकडे गेलो आणि झाले ते सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “इरली बिडी, अण्णा.” असू दे, सोडा. दुपारी ती पुन्हा येऊन बसली आणि आठवून आठवून तिने कडवी लिहिली. एक ओळ मात्र तिला काही केल्या आठवली नाही. ती तिने नव्याने घातली.

त्या दिवसापासून मी चार नियम पाळतो. ज्यांना हा छंद लावून घ्यायचा असेल त्यांनी ते वहीत उतरवून घ्यावेत. पहिला, फाइलीचे नाव धरणारी प्रत्येक जागा दुहेरी अवतरणचिन्हांत घालावी. दुसरा, चिठ्ठी कळीला बांधण्यापूर्वी टर्मिनलमध्ये, आपल्या डोळ्यांदेखत चालवावी. पुसण्याच्या आज्ञेला ‘आधी विचार’ असा पर्याय असतो, तो तेव्हा वापरावा. मी तो वापरला असता तर ‘कविता पुसू का?’ असा प्रश्न समोर आला असता आणि मी तिथेच थांबलो असतो. तिसरा, पुसण्याऐवजी ‘रद्दी’ नावाच्या कप्प्यात हलवावे. रद्दी आठवड्याने चाळून मग टाकावी. चौथा, ‘शेलचेक’ नावाचे एक मोफत साधन आहे, त्याला चिठ्ठी दाखवावी. माझी ती ओळ नंतर मी त्याला दाखवली, तेव्हा त्याने नेमके त्याच जागी बोट ठेवले.

वाणिज्य शाखेत आपण शिकतो की व्हाउचर तपासल्याशिवाय नोंद करू नये. कळीला बांधलेली चिठ्ठी म्हणजे न तपासता होणारी नोंदच. ती रोज होते, क्षणात होते आणि कोणाला दिसत नाही. म्हणून तपासणी आधी करायची. यंत्र आपले ऐकत नाही अशी पुष्कळांची तक्रार असते. माझा अनुभव उलटा आहे. ते अक्षरन् अक्षर ऐकते. काय सांगतो आहोत याचे भान आपल्यालाच ठेवावे लागते.

असो. एवढे वाचून कोणाला पहिली चिठ्ठी लिहावीशी वाटली तर लिपी बदलण्याच्या चिठ्ठीपासूनच सुरुवात करा. तिच्यात बिघडण्यासारखे काही नाही आणि उपयोग रोजचा आहे. अडल्यास मला भेटा. आणि ज्यांना कन्नड वाचता येते त्यांनी याच अंकाच्या कन्नड विभागातील ती कविताही जरूर वाचावी. तिच्यातली कोणती ओळ नवी, ते मला ठाऊक आहे. पण वाचणाऱ्याला ती ओळखू येईल असे वाटत नाही.