कमी उजेडाचे रुंद भिंग

छायाचित्राला उजेड लागतो, आणि कष्टकऱ्याचे सार्वजनिक आयुष्य तर उजेड मावळल्यावर सुरू होते. पाळी सुटल्यावर युनियनची बैठक भरते, रात्री फाटकासमोर सभा होते, चाळीच्या गॅलरीत वर्गणीचा हिशेब लागतो, आणि करार सहीला येतो तोही बहुधा मध्यरात्र उलटल्यावर. या साऱ्याची चित्रे आपल्या दप्तरांत फारच थोडी सापडतात. व्यासपीठावरच्या हार घातलेल्या पुढाऱ्यांची सापडतात, कारण तेथे दिवे लावलेले असतात. समोर सतरंजीवर बसलेल्या चारशे माणसांची सापडत नाहीत. याचे एक कारण असे की आपली नजर व्यासपीठाकडेच वळलेली असते. पण दुसरे कारण निव्वळ यांत्रिक आहे, आणि त्याचाच विचार आम्ही येथे करणार आहोत. ते कारण म्हणजे भिंग.

कोणी म्हणेल, फ्लॅश मारला की काम झाले. पण फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झाले की चौथाई उरतो. पहिल्या रांगेचे चेहरे पिठासारखे पांढरे आणि मागची सभा काळोखात, असे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. शिवाय दिवा लखलखला की बोलणारा थांबतो, ऐकणारा सावरून बसतो, आणि जे टिपायचे होते तेच नाहीसे होते.

अमेरिकेत लुइस हाइन यांनी १९०८ पासून राष्ट्रीय बालमजूर समितीसाठी गिरण्या, खाणी आणि कारखाने यांतील मुलांची छायाचित्रे काढली. त्यांचा कॅमेरा पेटीएवढा होता आणि अंधाऱ्या जागी त्यांना मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागे. भडका उडे, धूर होई. म्हणून त्यांची मुले बहुतेक वेळा काम थांबवून कॅमेऱ्याकडे पाहत उभी आहेत. त्या चित्रांनी बालमजुरीविरुद्ध लोकमत जागे केले, हे हाइन यांचे मोठेपण. पण माणूस नकळत जसा असतो तसा टिपायचा तर वेगळे साधन हवे होते.

ते साधन जर्मनीत आले. १९२४ साली एर्मानॉक्स नावाचा लहान कॅमेरा निघाला. त्यावर लुटविग बेर्टेले यांनी रचलेले, त्या काळाच्या मानाने अतिशय तेजस्वी असे भिंग होते. एरिख सालोमोन या कायद्याचे शिक्षण घेतलेल्या गृहस्थांनी १९२८ साली तो टोपीत लपवून न्यायालयात नेला आणि चालू खटल्याची चित्रे काढली. पुढे राजकारण्यांच्या परिषदांत, रात्रीच्या जागरणाने पेंगुळलेले मुत्सद्दी त्यांनी बिनफ्लॅश टिपले. ते ज्यू होते. १९४४ साली आउशवित्सच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. सत्ताधारी बंद दाराआड कसे दिसतात हे जगाला पहिल्यांदा दाखविणाऱ्यांत त्यांची गणना होते, आणि त्यांच्या हाती असलेले हत्यार होते वेगवान भिंग.

आता 'वेगवान' म्हणजे काय ते पाहू. भिंग काही धावत नाही. भिंगाच्या पोटात लहानमोठे करता येणारे छिद्र असते. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की जो आकडा येतो तो भिंगावर कोरलेला असतो. ३५ मि.मी.च्या भिंगाचे छिद्र २५ मि.मी. उघडत असेल तर आकडा येतो १.४. आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. २.८, २, १.४ या पायऱ्यांत प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट होतो. म्हणजे एफ १.४ चे भिंग एफ २.८ च्या चौपट उजेड आत घेते. उजेड जास्त आला म्हणजे शटर कमी वेळ उघडावे लागते, म्हणून असे भिंग वेगवान. बेताच्या उजेडाच्या सभागृहात ४०० आयएसओच्या फिल्मवर एफ २.८ ला सेकंदाचा आठवा भाग लागत असेल, तर एफ १.४ ला तिसावा भाग पुरतो. आठव्या भागात हात हलतो. तिसाव्या भागात सरावाचा हात स्थिर राहतो.

'रुंद' म्हणजे भिंगाला दिसणारा कोन मोठा. ५० मि.मी.चे नेहमीचे भिंग कर्णावर सुमारे ४७ अंश पाहते, ३५ मि.मी.चे ६३ अंश आणि २८ मि.मी.चे ७५ अंश. खोली लहान आणि माणसे पुष्कळ असतील तेव्हा मागे सरकायला जागा नसते. पाठीला भिंत लागली की पाय संपतात, तेथून पुढे भिंगानेच काम करायचे. रुंद भिंगाचा आणखी एक गुण असा की हात थोडा हलला तरी चित्रात तो कमी जाणवतो. नाभीय अंतर जितके मि.मी. तितकाव्या भागाहून शटर मंद ठेवू नये, असा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे. ५० ला पन्नासावा भाग, ३५ ला तिसावा. मात्र हा हिशेब आपल्या हातापुरता आहे. भाषणात मूठ उगारणाऱ्या वक्त्याला तो लागू नाही. त्याच्यासाठी साठावा किंवा सव्वाशेवा भागच हवा.

अशा भिंगाची आणि रेंजफाइंडर कॅमेऱ्याची जोडी का जमते? साध्या आरशाच्या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये हलणारा आरसा असतो. त्याला जागा द्यायची म्हणून रुंद भिंग पुढे ढकलावे लागते आणि त्याची रचना मोठी व बोजड होते. रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही. लायकाच्या एम जातीच्या कॅमेऱ्यात भिंग बसते ती कडी फिल्मपासून अवघी २७.८ मि.मी. दूर असते, तर निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात हे अंतर ४६.५ मि.मी. आहे. म्हणून रेंजफाइंडरचे भिंग लहान राहते आणि कॅमेरा कोटाच्या खिशात मावतो. आरसा उडण्याचा खटका नाही, त्यामुळे आवाजही थोडा.

अंतर जुळविण्याची युक्ती शेतजमीन मोजणाऱ्याच्या युक्तीसारखी आहे. कॅमेऱ्याला दोन खिडक्या असतात आणि दोहोंतून दिसणारे चित्र एकावर एक पडते. भिंग फिरविले की आतली तरफ हलते, दुसरे चित्र सरकते. दोन्ही एक झाली की अंतर जुळले. ही सोय भिंगाशी जोडून लायकावर १९३२ साली आली. दिवा, खांब, शर्टाची कड अशी एखादी उभी रेघ धरली तर अंधुक उजेडातही चटकन जुळणी होते. हाच या कॅमेऱ्याचा मोठा आधार.

पण प्रत्येक हत्याराला दुसरी बाजू असते. एफ १.४ वर स्पष्टतेची खोली फार उथळ होते. ३५ मि.मी.चे भिंग तीन मीटरवर जुळवून पूर्ण उघडले तर सुमारे २.७ पासून ३.३ मीटरपर्यंतच नीट दिसते. एक मीटरवर ही खोली जेमतेम सात सेंटिमीटर उरते. डोळा जुळला तर कान सुटला. तेच भिंग एफ ८ वर ठेवले तर तीन मीटरवर जुळवून १.९ पासून ७.२ मीटरपर्यंत सारे स्पष्ट येते. म्हणून आमचा सल्ला असा की दिवसा मोर्चात भिंग एफ ८ वर, अंतर तीन मीटरवर बांधून ठेवावे आणि लक्ष माणसांकडे द्यावे. रात्री मात्र प्रत्येक चित्राला अंतर जुळवावे, त्यात कंटाळा करू नये.

वापरातल्या आणखी काही गोष्टी सांगतो. रुंद भिंगाच्या कडेला आलेला चेहरा ताणला जातो, तेव्हा माणसाला चौकटीच्या अगदी कोपऱ्यात ढकलू नये. कॅमेरा वर उचलला की खांब आणि भिंती आत झुकतात. मोठे भिंग आणि त्याची टोपडी खिडकीचा खालचा कोपरा झाकतात. भोके पाडलेली टोपडी घेतली तर अडचण कमी होते. या कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही, तेव्हा भिंगावरचे झाकण राहिले तरी खिडकीतून सारे लख्ख दिसते. झाकण खिशात ठेवण्याची सवय लावून घ्यावी. जुन्या कॅमेऱ्यांचे शटर कापडी असते. उघडे भिंग सूर्याकडे राहिले तर काचेने कागद जळावा तसे त्या कापडाला भोक पडते.

आता खरेदी. पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : एवढे वेगवान भिंग आपल्याला हवेच आहे काय? आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर ६४०० आयएसओ सहज वापरता येतो. तो ४०० च्या सोळापट संवेदनशील, तर एफ १.४ चे भिंग एफ २.८ च्या फक्त चौपट. म्हणजे डिजिटलवाल्याने एफ २ किंवा २.८ चे स्वस्त, हलके भिंग घ्यावे आणि उरलेले पैसे घरी न्यावेत. फिल्मवर काम करणाऱ्याला मात्र ही पळवाट नाही. त्याच्यासाठी एफ २ आणि एफ १.४ मधली एक पायरी कधी कधी चित्र आणि काळा कागद यांतला फरक ठरते.

दुसरा प्रश्न कॅमेऱ्याच्या चौकटीचा. १९५४ च्या लायका एम ३ च्या खिडकीत ५०, ९० आणि १३५ यांच्याच चौकटी आहेत. ३५ ची चौकट पुढच्या एम २ मध्ये आली. २८ ची चौकट ज्या कॅमेऱ्यांत आहे त्यांतही ती खिडकीच्या अगदी कडेला असते. चष्मेवाल्याला ती पुरी दिसत नाही. आमच्या मते पहिले भिंग ३५ चेच असावे. जुने आट्यांचे भिंग एम कॅमेऱ्याला लावायचे तर मधली कडी आपल्या नाभीय अंतराचीच घ्यावी, नाहीतर खिडकीत भलतीच चौकट उघडते.

तिसरा प्रश्न दामाचा. निकॉनने रेंजफाइंडरसाठी ३५ मि.मी. एफ १.८ चे भिंग १९५६ साली काढले. लायकाचे ३५ मि.मी. एफ १.४ 'समिलक्स' १९६१ साली आले. ते पूर्ण उघडले की दिव्यांभोवती धुक्यासारखे वलय धरते, आणि छिद्र दोन पायऱ्या लहान केले की चांगले सुधारते. त्याचे आजचे वंशज अतिशय नेटके आहेत, पण नवे घ्यायला काही लाख रुपये पडतात. जपानच्या कोसिना कंपनीने फोक्टलेंडर या जुन्या जर्मन नावाने २००८ साली ३५ मि.मी. एफ १.४ चे 'नोक्टन' काढले, आणि २०१९ साली त्याची सुधारलेली आवृत्ती. ते त्या किमतीच्या लहानशा अंशात मिळते. त्याच्या पहिल्या आवृत्तीत एक खोड आहे. पूर्ण उघडे असताना जुळविलेले अंतर छिद्र लहान केल्यावर थोडे मागे सरकते. काचेच्या गोलाईमुळे हे घडते आणि रेंजफाइंडरच्या खिडकीत ते दिसत नाही. म्हणून अशा भिंगावर एफ २.८ आणि ४ ला चाचणी घेऊन पाहावी.

सेकंड-हँड भिंग घेताना दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा टॉर्चवर विश्वास ठेवावा. भिंग पूर्ण उघडून मागून तिरका उजेड टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत ती फार. दुधी धूसरपणा, काचांच्या जोडातले फुगलेले ठिपके, छिद्राच्या पात्यांवरचे तेल, ठेचलेली कडा, ढिली फिरणारी चकती हे सारे पाहावे. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक चरा मात्र फारसे नुकसान करीत नाही, आणि किंमत पाडून मागायला उपयोगी पडतो. मग आपल्याच कॅमेऱ्यावर भिंग चढवून लांबचा दिव्याचा खांब अनंतावर जुळतो का ते बघावे. शेवटी वर्तमानपत्र टेबलावर पसरून एका ओळीवर तिरके जुळवावे, पूर्ण उघड्या छिद्राने चित्र काढावे, आणि तीच ओळ सर्वांत स्पष्ट आली का ते तपासावे. न आल्यास भिंग किंवा कॅमेरा दुरुस्तीला गेलाच पाहिजे. घरी भिंग चामड्याच्या पेटीत कोंडू नये. बंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावे आणि वरचेवर वापरावे.

एवढे करूनही ही वस्तू एका पगारदाराला जड जाते. तेव्हा ती एकट्याने घ्यावीच असे नाही. वाचनालय, मंडळ, युनियन यांनी मिळून एक कॅमेरा, एक भिंग घ्यावे, वापराची वही ठेवावी आणि दोनचार तरुणांना शिकवावे. कपाटातल्या महागड्या भिंगापेक्षा दहा हातांतून फिरणारे साधे भिंग समाजाला जास्त देते.

मात्र एक जबाबदारी त्याबरोबर येते. बिनफ्लॅश, बिनआवाज चित्र काढता येते, म्हणजेच माणसाला न कळता काढता येते. सालोमोन यांनी टोपीत कॅमेरा लपविला तो बलवानांसमोर. फाटकाबाहेर बसलेला हंगामी कामगार बलवान नाही. त्याचा चेहरा चित्रात ओळखू आला आणि ते चित्र व्यवस्थापकाच्या टेबलावर पोचले तर त्याची रोजी जाते. म्हणून चित्र काढून झाले की त्याला दाखवावे, विचारावे, आणि तो नको म्हणाला तर दप्तरात ठेवून द्यावे. कमी उजेडात पाहण्याची शक्ती भिंगातून येते. काय दाखवायचे आणि काय झाकायचे, हे मात्र भिंग धरणाऱ्यालाच ठरवावे लागते.